दाखवायची चूल

६ मे २०२५

अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरची मागची पानं कोरी होती, त्यात हे लिहायला घेतलं. पुढच्या पानांवरचं सगळं वर पाठवायचं असतं, त्यामुळे त्यात सगळं छान छान असतं. इथं कोणी तपासणार नाही.

आज ग्रामपंचायतीत बैठक झाली. आमचं हिंगणी गाव उठणार हे आता नक्की. दोन किलोमीटरवर गायरानाचं टेकाड आहे, तिथं नवं गावठाण. दोन वर्षांपूर्वी जुलैत नदी गावात शिरली तेव्हापासून हे चाललं होतं. हल्ली पाऊस महिना महिना तोंड दाखवत नाही आणि मग महिन्याचा एका दिवसात ओततो. सातपुड्यातून पाणी नुसतं येत नाही, गोटे घेऊन येतं. आमच्या साडेतीन एकरांतला दीड एकर असा खरडला की तिथं आता कपाशी काय, कुसळही उगवत नाही. माझ्या पटावर तेव्हा एकतीस मुलं होती, आज तेरा. कुणी सुरतेला, कुणी पुण्याला, कुणी अकोल्याला. सरकार आता गाव उठवायला निघालंय, पण निम्मं गाव कधीच उठून गेलं.

यादीचे साहेब आले होते. त्यांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. एका कुटुंबाला एक प्लॉट, आणि जेवढ्या चुली तेवढी कुटुंबं. चूल डोळ्यांनी पाहणार, फोटो काढणार, पाच शेजाऱ्यांना विचारणार.

आमच्या घरात मी, हे आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई शालूबाई. हर्षल पुण्याला कंपनीत लागलाय. चूल एक, म्हणजे प्लॉट एक. पण आत्याबाईंची चूल वेगळी दाखवली तर दोन. दुसरा हर्षलला होईल. पोराला गावात घरच नसेल तर तो कशाला परत येईल? माझा जीव ह्या एका गोष्टीत अडकलाय, ते इथं लिहायला हरकत नाही.

७ मे

जेवताना विषय काढला. हे नेहमीप्रमाणे ताटाकडे बघत राहिले. आत्याबाईंना मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर कळलं.

"म्हंजे मी तुमच्यातून निंगालो?"

"कागदावर हो, आत्याबाई. बाकी काही बदलत नाही."

"कागदावर माह्यं एकलीचं नाव? घरची मालकीन म्हणून?"

"हो."

"आन् त्या घरात कोनाले ठेवाचं ते मीच सांगाचं?"

मला हसूच आलं. एकट्या म्हातारीच्या कुटुंबात ठेवणार कुणाला? मी म्हटलं, हो हो, तुम्हीच सांगायचं. त्या लगेच तयार झाल्या. मला वाटलं होतं रडारड होईल.

हर्षलला फोन केला. म्हणाला, "आई, मी तिकडे येऊन काय करू?" मस्करीची सवय आहे त्याला.

११ मे

शेळ्या विकल्यापासून मागचा कोठा रिकामा होता. तो झाडून तिथं आत्याबाईंनी चूल घातली. मी म्हटलं होतं, दाखवण्यापुरती तीन विटांची करा. पण त्यांनी नदीकाठची माती आणली, भुसा कालवला, दोन दिवस तुडवली आणि चुलीला शेजारी दुसरं भांडं ठेवायला वैल पण काढली.

"एकट्या माणसाला वैल कशाला?" मी विचारलं.

"मंग वरन कायच्यावर ठेवू?"

काम बाकी नीटस झालंय. फोटोत छान येईल.

१९ मे

गावात सध्या वेगळं होण्याचा हंगाम आहे. यादीत चौसष्ट कुटुंबं होती, आता एकशे सहा चुली झाल्यात. काल-परवापर्यंत एका ताटात जेवणारे भाऊ आज एकमेकांकडे पाठ करून बसतात. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते आत्ता खरं झालं, एरवी सगळ्यांकडे गॅस आहे.

कलाबाई माझी मदतनीस. खिचडी शिजवते, मुलांना गोळा करते आणि मी न विचारलेली मतं देते. ती म्हणाली, "ताई, चूल तं मांडली, पन पंचाईत वेगळीच हाय. पाच शेजाऱ्याईले इचारतीन तवा कोन खोटं सांगन? तुमचं आन् म्हातारीचं कधी भांडन कोनी आयकलं हाय?"

मुद्दा बरोबर होता. आमचं भांडण होतच नाही. आत्याबाई बोलतच नाहीत, भांडण होणार कसं?

म्हणून ठरवलं की एक भांडण करून टाकायचं. खोटं.

२२ मे

भांडण झालं. सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा, म्हणजे सगळ्या बाया अंगणासमोर असताना. रात्री मी आत्याबाईंना दोन वाक्यं पाठ करून दिली होती. मी म्हणायचं, "तुमचं तुम्ही करून खा." त्यांनी म्हणायचं, "तुह्या हातचं मले नको." आणि कोठ्यात निघून जायचं. एवढंच.

मी माझं वाक्य म्हटलं. त्या गप्प. मला वाटलं विसरल्या. मी डोळ्यांनी खुणावलं. तर त्यांनी हातातली कळशी खाली ठेवली आणि म्हणाल्या,

"हाव, करून खातो. माही लेक आली होती तवाच करून खाले पायजे होतं. पुरात घर गेलं तिचं, नवरा टाकून गेला, पोरीले कडेवर घेऊन आली माय म्हणून. दोन महिने नाई झाले तं तू पीठ मोजाले लागली. ते लेकरू भाकरीले हात लावाच्या आंधी तुह्या तोंडाकडं पाहे. मी पाहून राह्यलो होतो. माह्याच घरात मले तोंड नोतं."

मग कळशी उचलून गेल्या. ठरलेलं वाक्य म्हटलंच नाही.

परिणाम चांगला झाला हे मान्य करायला पाहिजे. समोरच्या अंबूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच शेजाऱ्यांची काळजी मिटली. मलासुद्धा घटकाभर वाटलं खरंच बोलताहेत.

राखीचं नाव मात्र घ्यायला नको होतं. राखी माझी नणंद. तिचं सासर ह्याच नदीवर, खालच्या अंगाला. घर वाहून गेलं आणि नवरा सुरतेला गेला तो गेलाच. ती इथं आली, दोन खोल्यांत आम्ही सहा जणं. पीठ मोजलं म्हणतात. त्या वर्षी शेतातून काही आलंच नव्हतं, मोजायला नको? मी काही तिला घालवलं नाही. चिखलीला माझ्या मावसभावाच्या ओळखीनं तिला कापसाच्या जिनिंगमध्ये काम लावून दिलं, खोली बघून दिली. आता तिचं तिचं व्यवस्थित आहे. उपकार राहिले बाजूला.

दुपारी चहाला हाक मारली तर आत्याबाई आल्या नाहीत. मी म्हटलं, आता कोणी नाही, या. म्हणाल्या, "लोकं पाहून राह्यले." अंगणात कुत्रंसुद्धा नव्हतं.

१४ जून

चुली पाहायला येणार होते ते आले नाहीत. पुढच्या महिन्यात म्हणतात. मी आत्याबाईंना म्हटलं, तोवर आत जेवत जा, धुरात कशाला बसता. त्या म्हणाल्या, साहेब अचानक आले तं? हेही बरोबर आहे.

पण एक कळत नाही. एका म्हातारीला पीठ किती लागतं? त्यांच्या वाट्याचं राशन मी वेगळं काढून दिलं, ते पुरतं आणि त्यातलं त्या एका डब्यात मागे टाकतात. डबा घट्ट लावून वर कापड बांधलंय. कशासाठी विचारलं तर "असू दे, लागते."

पाऊस नाही. पेरणी झाली ती झाली, आता आभाळाकडे बघणं चालू.

२ जुलै

आमचे हे कोठ्यात जेवायला लागलेत! म्हणे आईच्या हातच्या चुलीवरच्या भाकरीची चव वेगळी. मी म्हटलं, फोटोच्या दिवशी तुम्ही तिथं भाकरी मोडत बसलात तर दुसरा प्लॉट बोंबलला म्हणून समजा. तर म्हणतात कसे, "मले तं आता कळतच नाई कोन्तं घर खोटं हाय."

हे असे कधी बोलत नाहीत. आईच्या शेजारी बसलं की बोलतात वाटतं.

अंबूबाई माझ्याशी धड बोलत नाहीत. अख्ख्या आळीत मी सासूला वेगळं टाकणारी सून झाले आहे. चूल खोटी आहे हे कुणाला सांगायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

१९ जुलै

दुबार पेरणी. तीही अर्धी वाळली. पटावर आता अकरा मुलं.

आत्याबाई कलाबाईच्या फोनवरून अधूनमधून कुणाशी तरी बोलतात. मी गेले की बंद. बहुतेक त्यांची बहीण. कलाबाईला विचारलं तर म्हणाली, "ताई, वेगळ्या घरातलं मी काऊन सांगू?" फार शहाणी झालीय.

१८ ऑगस्ट

नदी परवा पहाटे आली.

टेकाडावर शाळेसाठी बांधलेल्या पत्र्याच्या तीन शेड आहेत, तिथून लिहिते आहे. रजिस्टर प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणलं, वजनकाटा पण आणला. माणसं सगळी सुखरूप आहेत. नऊ गुरं गेली. ह्या वेळी गोट्यांसोबत झाडंही आली, मुळांसकट. आमची पुढची खोली उभी आहे, मागचा कोठा गेला. चूल तर विरघळूनच गेली असणार.

लाज वाटते, पण मनात आलं तेच लिहिते. पहिला विचार हा आला की चला, चूल गेली, नाटक संपलं, आता आत्याबाई आमच्यात जेवतील. आणि दुसरा विचार लगेच, मग प्लॉटचं काय?

संध्याकाळी मी गॅस पेटवला. शेडच्या दुसऱ्या टोकाला धूर दिसला. आत्याबाईंनी तीन दगड मांडले होते, तवा ठेवला होता. मी जाऊन म्हटलं, अहो इथं कोण बघतंय आत्ता? त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "पुष्पा, तुही भाजी करपून राह्यली."

खरंच करपली होती.

२० ऑगस्ट

राखी आली. पुराची बातमी ऐकून आली असेल असं मला आधी वाटलं. चिखलीहून तीन गाड्या बदलत सोनाळ्यापर्यंत आणि तिथून चिखलातून चालत. सोबत प्रेरणा, तिची पोरगी. सोबत सगळं सामानही होतं. दोन दिवसांसाठी येणारं माणूस पाटा-वरवंटा घेऊन येत नाही.

आत्याबाईंनी कापड बांधलेला डबा सोडला. पुरातून त्यांनी तव्यासोबत तेवढा एकच डबा डोक्यावर आणला होता. डब्यात ज्वारीचं पीठ आणि राखीच्या राशन कार्डाचे कागद, फोटो लावलेले.

मग सगळं कळलं. फोन, पीठ, वैल, सगळं. मे महिन्यापासून चाललं होतं आणि मी शहाणी त्यांना वाक्यं पाठ करून देत होते!

मी आत्याबाईंना सरळ विचारलं, हा प्लॉट हर्षलचा आहे, ठरलं होतं ना?

"तुह्यं ठरलं होतं. तूच सांगतलं, कोनाले ठेवाचं ते मीच सांगाचं."

ह्यांच्याकडे बघितलं. हे प्रेरणाला खांद्यावर घेऊन पूर दाखवायला गेले.

२१ ऑगस्ट

अर्ज लिहिला. विषय: शालूबाई यांची चूल वेगळी नसून दाखवण्यापुरती मांडलेली होती याबाबत. सेविका म्हणून माझी सही आहे, मान्य होईल. आमचा एक प्लॉट राहतो. हर्षलला नाही तर नाही, पण राखीलाही नाही. हे वाईट आहे हे मला कळतं. तीन महिने गावाची बोलणी मी खाल्ली, ती कुणासाठी?

हर्षलला फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, तू येतोस का, आपण दोघं साहेबांशी बोलू. तो म्हणाला, "आई, मी इकडं घराचं बुकिंग केलंय, जानेवारीतच. तुला सांगणार होतो." मस्करी नव्हती. ऐकत होते तेव्हा शेडवर पाऊस वाजत होता म्हणून मी म्हटलं, ऐकू येत नाही, नंतर बोलू.

अर्ज पर्समध्ये आहे.

२२ ऑगस्ट

पोळा. गावात चारच बैल उरलेत, त्यांना टेकाडावर ओवाळलं. आत्याबाईंनी तीन दगडांवर पुरण शिजवलं. प्रेरणा दोन पोळ्यांची ताटली घेऊन माझ्याकडे आली. ताटली ठेवली आणि उभी राहिली. मी म्हटलं, जा. तर जाताना मागे बघत बघत गेली.

पोळ्या खाल्ल्या.

२४ ऑगस्ट

पूरग्रस्त मुलांची वजनं करून पाठवायची आहेत. शेडमध्ये काटा टांगला. राखी प्रेरणाला घेऊन रांगेत उभी राहिली, इतर आयांसारखी. मी तिला ओळख न दिल्यासारखं विचारलं, वय? म्हणाली, "चार वर्षं दोन महिने, वहिनी."

काटा दहा किलो सहाशेवर थांबला. मला वाटलं काटा अडकला, पुन्हा टांगली. दहा सहाशेच.

जुनी नोंद बघावी लागते म्हणून ह्याच रजिस्टरच्या पुढच्या भागातलं जुनं पान काढलं. दोन वर्षांपूर्वी ती आमच्याकडे होती तेव्हा मीच वजन केलं होतं. माझ्याच अक्षरात आहे. दहा किलो दोनशे.

दोन वर्षांत चारशे ग्रॅम. असं पोर दुसऱ्या कुणाचं असतं तर त्या आईला समोर बसवून मी अर्धा तास बोलले असते, काय खायला घालतेस म्हणून.

राखीला तरी विचारलं. ती म्हणाली, जिनिंग चार महिने चालते, मग बंद. बाकीचे दिवस लोकांच्या घरची भांडी. तेव्हा पोरगी खोलीत एकटी, बाहेरून कडी लावून. "सकाळची भाकर ठेवून जावो, पन ते एकटं लेकरू खात नसे, वहिनी." तक्रारीच्या सुरात नव्हती सांगत. मी विचारलं म्हणून सांगितलं.

मी लाल रकान्यात नोंद केली. कलाबाई खिचडीचं भांडं घासत बसली.

'आता तिचं तिचं व्यवस्थित आहे.' मे महिन्यात मीच लिहिलंय, वरच आहे, खोडलं तरी दिसेल.

२५ ऑगस्ट

उद्या साहेब येणार. पूर येऊन गेला तरी त्यांना चुली मोजायच्याच आहेत. हे म्हणाले, वर्षभरापूर्वीपासून वेगळे असाल तरच धरतात, तेव्हा कधीपासून ते विचारतील. मला ते माहीत होतं. उत्तर तयार आहे, पाच वर्षं. किंवा मग पर्समधला अर्ज.

आज जेवण गेलं नाही. रागावर जगणं सोपं होतं, हे लिहून ठेवते.

२६ ऑगस्ट

साहेब अकराला आले. पहिल्या शेडपासून सुरू केलं. लोकांनी विटा, दगड, शेगड्या मांडून ठेवल्या होत्या. खोटी चूल लगेच ओळखू येते, तिच्याखाली राख नसते. साहेबांनी तशा सतरा कापल्या.

आत्याबाईंच्या दगडांखाली दहा दिवसांची राख होती. तव्यावर भाकरी होती. राखी पीठ मळत होती आणि प्रेरणा ताट घेऊन बसली होती.

साहेब म्हणाले, "आजी, मुलगा आहे, सून आहे. म्हातारपणी वेगळं कशाला राहता?"

मला वाटलं आता सगळं सांगतील, नळावर सांगितलं तसं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "लेकीले वाढाचं होतं, बापू. कोनाले न इचारता."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही सेविका, आणि ह्यांच्या सूनही. तुमचं म्हणणं महत्त्वाचं. खरंच वेगळ्या राहतात?"

पर्स काखेत होती. हे खाली बघत होते. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, भाकरी उलटली.

मी म्हटलं, "हो."

"कधीपासून?"

पाच वर्षं तोंडात तयार होतं. पण मी म्हटलं, "दोन वर्षं होतील. ही पोरगी आमच्या घरातून गेली, त्या दिवसापासून."

आत्याबाईंचा हात तव्यावरच थांबला. साहेबांना त्यातलं काही कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. दोन वर्षं म्हणजे नियमात बसतं, म्हणाले. वहीत लिहिलं, कुटुंबप्रमुख शालूबाई, सदस्य तीन. मग मला सहीची जागा दाखवली आणि मी सही केली.